चिकटवलेली रांगोळी

"वैनी, ते चिकटवू नगासा!"

मंडळी, ऐका. एवढंच वाक्य. बोलणारी कोण? जिना झाडणारी शेवंतामावशी. ऐकणारी कोण? एम.एस्सी. झालेली, सात महिन्यांच्या लेकीची आई, ऋजुता. आणि ऐकून तिनं काय केलं? हसली! अगदी गोड हसली — आणि चिकटवलं! काय चिकटवलं, ते सांगते. पण त्याआधी एक प्रश्न तुमच्या पदरात टाकते. पुरुष मंडळींनी उपरण्यात घ्यावा.

घर जागं आहे, हे बाहेरून कशावरून ओळखायचं?

सोपं आहे ना? तुम्ही म्हणाल, दिवा दिसला, आवाज आला, दारात रांगोळी दिसली, की समजावं घर जागं आहे. आमचे पेटीवालेसुद्धा मान डोलावतायत. डोलवा, डोलवा! आख्यान संपेपर्यंत ही मान अशीच डोलते का, ते मी बघणार आहे.

तर गाव कराड. कृष्णा-कोयनेच्या संगमाचं. तिथं एक तीन मजली इमारत, 'शुभंकर' नावाची. लिफ्ट नाही, त्यामुळे माणसांची एकमेकांशी गाठ पडते ती जिन्यात. तळमजल्यावर, जिन्याच्या अगदी तोंडाशी, मथूकाकू दीक्षितांचं दार. वय एकोणऐंशी. जन्मभर बालवाडी चालवली. निम्म्या कराडला नाक पुसायला यांनी शिकवलेलं! यजमान जाऊन अकरा वर्षं झाली. मुलगा सुहास बंगळूरला. — झालं! मुलगा परगावी म्हटल्याबरोबर तुमचे चेहरे बदलले. कीर्तनात मुलगा परगावी असला, की तो वाईटच असला पाहिजे का हो? नाही! हा चांगला मुलगा. रोज संध्याकाळी आठला आईला फोन करणारा. या आख्यानात वाईट माणूस एकही नाही. तीच तर अडचण आहे! वाईट माणूस असता, तर त्याला शिव्या देऊन आपण सगळे मोकळे झालो असतो.

वर पहिल्या मजल्यावर ऋजुता. नवरा नोकरीसाठी पुण्याला, शनिवार-रविवारचा पाहुणा. लेकीचं नाव ओवी. पूर्वी पोथीत ओव्या असायच्या, आता पाळण्यात असतात — चांगलंच आहे!

ऋजुता मोठी जागरूक. पाळण्यावर कॅमेरा बसवलेला. आई स्वयंपाकघरात, लेक बाहेरच्या खोलीत, मध्ये पावलं सहा — आणि आई लेकीला बघते मोबाइलवर! दूध किती वाजता प्यायली, झोपली किती मिनिटं, शी कुठल्या रंगाची, सगळ्याची फोनमध्ये नोंद. बाळाला हात लावायचा, तर आधी हातावर सॅनिटायझर. साताऱ्याहून सासूबाई आल्या, तर दारातच हिनं बाटली पुढे केली. सासूबाईंनी भक्तिभावानं ओंजळ धरली आणि म्हणाल्या, "कुठल्या देवाचं तीर्थ गं?"

हसा, पण थोडंच हसा. चार भिंतींत एकटीनं तान्हं पोर सांभाळणाऱ्या बाईच्या छातीत काय धडधडत असतं, ते तिलाच माहीत. सगळ्यांवर लक्ष ठेवायचं, म्हणजे कुणाचं काही वाईट होणार नाही, अशी तिची साधी श्रद्धा होती. श्रद्धा खोटी नव्हती हो. लक्ष कुठं ठेवायचं, तिथं घोटाळा झाला.

आता मथूकाकूंची रांगोळी. रोज सकाळी साडेसहाला काकू दारात पाटावर बसायच्या. आधी कालची रांगोळी पुसायची, मग आजची काढायची. अकरा ठिपके, अकरा ओळी. आणि हे काम मुकाट्यानं व्हायचं नाही! जिन्यानं जो उतरेल, तो बोलणार.

"काकू, आज कासव का?"

"कासव नाही रे, शंख! डोळे तपासून घे."

"काकू, वेल वाकडी झाली!"

"वेल सरळ आहे. तू वाकड्यात उभा आहेस!"

असं सगळं. शेवंतामावशी झाडू घेऊन यायची, ती रांगोळीच्या कडेनं अलगद झाडत जायची. "काकी, आज उशीर?" "होय गं, डोळाच लागला." झालं. दोन वाक्यं. बातमी पोचली — काकू उठल्यात, काकू बऱ्या आहेत.

पण गुडघे ऐकतात का? दिवाळीच्या आधी एकदा ऋजुतानं पाहिलं, काकू पाटावरून उठतायत. एक हात चौकटीवर, एक जमिनीवर, आणि डोळ्यांत टचकन पाणी. त्या पोरीचं काळीज हललं. वर गेली, फोन उघडला आणि काकूंसाठी दिवाळीची भेट मागवली. तयार रांगोळी! प्लॅस्टिकची. मागचा कागद सोलायचा, फरशीवर चिकटवायचं. मध्ये कमळ, भोवती चार मोर, पाण्यानं जात नाही, झाडूनं निघत नाही, पाच वर्षांची गॅरंटी!

कागद सोलत ती दारात बसली होती, आणि तेव्हा शेवंतामावशी म्हणाली, "वैनी, ते चिकटवू नगासा."

"का हो मावशी? छान नाहीये?"

"छान हाय की. पर रोजची रांगोळी बघितली, की मला कळतंय काकी उठल्यात. आता ह्ये कायमचंच बसलं, म्हंजे कळायचं कसं?"

"अहो मावशी, काकूंचे गुडघे बघा ना जरा! आणि कळायला काय, बेल आहे की!"

बेल आहे की! मंडळी, बेल होतीच. प्रश्न असा आहे, की वाजवणार कोण आणि कशासाठी? रांगोळी होती, तेव्हा काही काम नसताना माणूस थांबायचा. बेल वाजवायला काम लागतं!

काकूंनी मात्र कमळाकडे बघितलं, गुडघ्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "सोय झाली हो माझी, बाळे." मनापासून म्हणाल्या.

आणि सोय एकटी येत नाही, तिची भावंडं मागून येतात. सुहासला काळजी, की आईच्या पदराला समईची ज्योत लागेल. त्यानं विजेची समई पाठवली. एकदा बटण दाबलं की दिवसरात्र ज्योत, तेल नको, वात नको! मग आईला सोबत हवी, म्हणून मंत्राचं डबडं पाठवलं. ते असतं ना, भिंतीच्या प्लगमध्ये खोचायचं, की अष्टौप्रहर मंत्र सुरू! काकूंना थोडं कमी ऐकू येतं, म्हणून त्याचा आवाज मोठा. आधी सकाळी दूधवाला भैरू हाक मारायचा. आता महिन्यातून दोनदा दुधाची खोकी घरपोच. सगळं प्रेमानं आलेलं. एकाही वस्तूत खोट नाही.

पण जरा बाहेर जिन्यात उभे राहा आणि बघा. दारात रांगोळी आहे. खिडकीतून समई दिसते. आत मंत्र चालू आहे. घर जागं आहे! — आणि यातलं एकही काम करायला आत माणूस लागत नाही.

इथं एक ओवी म्हणते. माझीच आहे, साधी आहे, जाणकारांनी सांभाळून घ्यावी.

दारी रोज नवी खूण ।
आत जागे असे कोण ।
थांबणाऱ्या पायांवीण ।
खूण मुकी ॥

तबला हळू राहू द्या, बुवा. पुढचं जरा सावकाश ऐकायचं आहे.

गुरुवार उजाडला. काकू उठल्या. समई रात्रभर चालूच होती, डबडंही सुरूच होतं. आंघोळ केली, आणि सव्वासात वाजता ओल्या फरशीवरून पाय सटकला. खुब्यावर पडल्या. उठवेना. कुशीवर वळवेना. फोन ओट्यावर राहिलेला. हाताशी काय? एक टॉवेल आणि एक तांब्या.

हे मी तुम्हाला सांगितलं. ऋजुताला कुणी सांगितलं? कुणी नाही.

साडेआठ. ऋजुता ओवीला घेऊन जिना उतरली. त्या दिवशी बाळाला लस टोचायची होती. खांद्याला पिशवी, पिशवीत दुसरी पिशवी, त्या पिशवीत थर्मामीटर. काकूंनी आदल्या दिवशीच फोनवर बजावलं होतं, "टोचून आलीस की पोर मला दाखव, दृष्ट काढते." दारावरून जाताना ऋजुतानं नजर टाकली. कमळ आहे, समई आहे, मंत्र चालू आहे. "काकू, येतो हं!" म्हणाली आणि गेली. उत्तर आलं का? उत्तरासाठी ती थांबलीच नव्हती. आपण तरी थांबतो का हो? "काय, बरं आहे ना?" असं विचारत विचारत आपण पुढच्या चौकात पोचलेलो असतो!

साडेदहा. परत आली. पोर रडून रडून खांद्यावर झोपलेलं. काकूंच्या दारापाशी तिचं पाऊल अडखळलं. बेलवर बोट गेलंसुद्धा. मग वाटलं, नको, बेलनं ओवी उठेल. काकू पूजेत असतील, डबडं चालूच आहे. बोट मागं घेतलं. वर गेल्यावर बाळाच्या मांडीवरच्या इवल्याशा पट्टीचा फोटो काढून काकूंना पाठवला. फोनवर दोन टिका उमटल्या. म्हणजे पोचला. कुणाला पोचला? फोनला! फोन ओट्यावर, काकू फरशीवर.

बारा वाजता ओवीला ताप चढला. शंभर. पाच मिनिटांनी पुन्हा बघितला, शंभर. पुन्हा पाच मिनिटांनी — शंभर आणि एक टिंब! औषधाच्या दुकानातून थेंब मागवले, ते घ्यायला पोर कडेवर मारून ती फाटकापर्यंत पळत गेली, पळत आली. तिसऱ्यांदा दारावरून गेली. या वेळी तर तिनं बघितलंही नाही. तापलेलं पोर कडेवर असलेल्या बाईला दोष द्यायचा असेल, तर तो तुम्ही द्या. माझी जीभ वळत नाही.

आणि पावणेदोनला वीज गेली.

गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, हे ठरलेलं. पंखा थांबला. पाळण्यावरचा कॅमेरा आंधळा झाला. ओवी घामानं कुरकुरायला लागली. जिन्यात जरा गारवा असतो, म्हणून ऋजुता तिला घेऊन बाहेर आली आणि अर्ध्या जिन्यात पायरीवर बसली. पोरीला पदरानं वारा घालत.

खाली शांत. समई विझलेली. डबडं गप्प. डबडं आल्यापासून अशा शांततेत त्या जिन्यात कुणी बसलंच नव्हतं!

टण्.

ऋजुतानं मान वर केली. कुठंतरी नळाचं काम चाललं असेल.

टण्. टण्.

पुन्हा थांबलं. नळाचं काम करणारा माणूस असा दमून दमून ठोकत नाही. ती उठली. तीन पायऱ्या उतरली. जिन्याच्या बाजूला काकूंच्या बाथरूमची जाळी आहे. तिनं जाळीला कान लावला.

टण्... आणि मागोमाग, अगदी बारीक, "अगं... कुणी आहे का?"

काय झालं असेल हो त्या पोरीचं! काकूंची एक चावी तिच्याकडे होती, वर फ्रीजवरच्या वाडग्यात. चावी आणायची, दार उघडायचं, काकूंना उचलायचं — आणि कडेवर तापानं फणफणलेलं बाळ. ठेवायचं कुठं? तिनं फाटकाकडे हाक मारली, "मावशी! शेवंतामावशी!"

शेवंतामावशी गाड्या लावायच्या जागेत भाकरी खात बसली होती. उठून तशीच आली. हाताला कालवण, साडीला दिवसभराची धूळ. म्हणाली, "द्या पोरगी."

आणि मंडळी, जिनं सख्ख्या सासूच्या ओंजळीत बाटली उपडी केली होती, तिनं लेक तशीच त्या हातांत दिली. बाटलीची आठवणसुद्धा झाली नाही! शेवंतामावशी म्हणाली का, "बघा, म्या सांगितलं हुतं"? नाही. ती एवढंच म्हणाली, "म्या बी सकाळी हितनंच झाडत गेले की वो."

दार उघडलं. काकू भिंतीशी पडलेल्या, टॉवेल ओढून घेतलेला, ओठ सुकलेले, मुठीत तांब्या.

"काकू! काकू, मी आलेय, घाबरू नका—"

"मी नाही घाबरले. तू आधी मला गाऊन दे. मग काय रडायचं ते रड."

गाऊन अंगावर पडला. पाण्याचा घोट पोटात गेला. आणि काकू काय विचारतायत? "ओवीला टोचलं का गं? फार रडली?"

ऋजुताला हुंदका आवरेना. "काकू, तुम्ही हाक का नाही मारलीत?"

"मारली की! तू तीनदा गेलीस, तीनदा मारली. पहिल्यांदा म्हणालीस, 'काकू, येतो हं.' मी म्हटलं, 'अगं थांब!' तोवर तुझ्या चपला फाटकापाशी. बालवाडीत चाळीस पोरांना ऐकू जाईल असा आवाज होता माझा, पण त्या डबड्यापुढे कुठला पुरायला? ते दमत नाही ना! शेवटी ते थांबलं, तेव्हा म्हटलं, आता ठोकून बघू."

मंडळी, नाव देवाचंच होतं. मंत्र खराच होता. पण देवालासुद्धा थोडा वेळ गप्प बसावं लागलं, तेव्हा कुठं माणसाची हाक माणसाला ऐकू आली. पेटीवाले, आता मान डोलत नाही तुमची.

रुग्णवाहिका आली. खुब्याचं हाड मोडलं होतं, शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, "वेळेत आणलंत. संध्याकाळपर्यंत त्या तशाच पडून राहिल्या असत्या, तर मला काही सांगता आलं नसतं." ओवीचा ताप? तो त्याच संध्याकाळी उतरला, शेवंतामावशीच्या मांडीवर. जंतूंनी काय विचार केला असेल कोण जाणे!

पाचव्या दिवशी ऋजुता दवाखान्यात खाटेशी बसली होती. सुहास आला होता, तोही उशाशी. बिचारा म्हणाला, "आई, आता घरात कॅमेरे बसवतो. सगळ्या खोल्यांत."

काकू म्हणाल्या, "बसव. पण माझ्याशी भांडता येईल असा बघ. गप्प बसून बघणारा नको मला."

सुहास हसला, चहा आणायला बाहेर गेला. मग ऋजुताचा बांध फुटला. "काकू, माझंच चुकलं. मी घरी गेल्या गेल्या ते मोर आणि कमळ खरवडून काढते."

काकूंनी तिचा हात धरला. म्हणाल्या, "खरवडू नकोस. खरं सांगू? गुडघे बरे झाले त्यानं. पण दिवाळीपासून माझ्या दाराशी कुणी थांबलं नाही गं. वेल वाकडी म्हणणारं कुणी नाही, कासव म्हणणारं कुणी नाही. मला वाटायचं, आपण एवढं हातानं काढत होतो, ते रांगोळीसाठी. तसं नव्हतं. सकाळी चार माणसं माझ्याशी बोलायची, त्यासाठी होतं. ती बोलणी गेली, हे मला कळत होतं. पण तोंडानं सांगायचं कसं? 'माझ्याशी बोला हो' असं कुणी कुणाला सांगतं का?"

ऋजुतानं काकूंच्या अंगावरची चादर सारखी केली.

"राहू दे ते कमळ. पाच वर्षांची गॅरंटी आहे म्हणालीस ना? माझी तेवढी नाही. तू येत जा."

बस. आख्यान इतकंच.

काकू आता वॉकर घेऊन चालतात. रोज सकाळी आठला ऋजुता ओवीला घेऊन खाली उतरते, काम नसताना बेल वाजवते, आणि काकू दार उघडून म्हणतात, "आलीस पुन्हा? दुसरे उद्योग नाहीत वाटतं?" दहा मिनिटं बसते. कधी वैतागही येतो तिला, खोटं कशाला सांगू! पोर किरकिरत असतं, कामाचे फोन येत असतात. तरी जाते. काळजी तिची अजूनही तेवढीच आहे, स्वभावाला औषध नाही. फक्त आता काळजी वाटली, की ती जिना उतरते.

मी तुम्हाला डबडी फेकून द्या म्हणत नाही. विजेची समई माझ्या आईकडेही आहे, मीच आणून दिली. सोयी हव्यात. म्हाताऱ्या गुडघ्यांना हव्यात, एकट्या आयांना हव्यात. पण सोय दिली, की आपलं जाणं आपण कमी करतो, हे तपासा. "तिला सगळं दिलंय, तिला काही कमी नाही" — हे वाक्य या सभामंडपात किती जणांनी म्हटलंय? हात वर करू नका. आपापल्या मनात करा. माझाही वर आहे.

आता आरती करायची. तबक तयार आहे, कापूर ठेवलाय. पण मंडळी, जरा थांबा. मला एक विचारायचं आहे.

चार दिवस मी इथं उभी राहतेय. पहिल्या दिवशी त्या डाव्या खांबाला टेकून एक आजोबा बसले होते. निळा स्वेटर, हातात कापडी पिशवी. सगळ्यांची टाळी संपली की यांची टाळी सुरू व्हायची, म्हणून माझ्या लक्षात राहिले. परवा आले होते. काल ती जागा रिकामी होती. आजही रिकामी आहे.

गावाला गेले असतील? असतील. थंडी वाजत असेल? असेल. कंटाळले असतील माझ्या कीर्तनाला? तर फारच उत्तम, त्यांनी तसं तोंडावर सांगावं!

पण कुणी विचारलंय का?

कुठं राहतात ते? कुणाच्या गल्लीत? ... हो, ताई, तुम्ही. तुमच्या मागच्या घरात? एकटे?

मग उठा. फोन करू नका. चपला घाला आणि जाऊन दार वाजवा. नुसतं वाजवून परत येऊ नका. आतून आवाज येईपर्यंत थांबा. कुणीतरी यांच्यासोबत जा.

आम्ही बसलोय इथंच. तुम्ही येऊन सांगेपर्यंत कापूर पेटवत नाही.